ऑफ-सीझन सुट्टी आणि गुहेची सहल: तारीख ठरवण्यापासून गाळ धुण्यापर्यंत, क्रमाने

ऑफ-सीझनला गर्दी नसते, मुक्काम सहज मिळतो, मग गुहेची सहलही तेव्हाच उरकू, असा हिशेब बरेच जण मांडतात. हिशेब चुकतो तो एकाच जागी. पर्यटकांचा सीझन आणि गुहेचा सीझन ही दोन वेगळी कॅलेंडरं आहेत. हॉटेलं रिकामी असण्याचं कारण कधी मुसळधार पाऊस असतो, कधी कडाक्याची थंडी, तर कधी अंगाची लाही करणारा उन्हाळा. यातलं प्रत्येक कारण गुहेच्या आत वेगळाच परिणाम करतं. तरी लोक आधी तिकिटं काढतात, मग गुहा शोधतात आणि शेवटी पाण्याची चौकशी करतात. क्रम बरोबर उलटा हवा.

हा लेख चालत, रांगत, थोडंफार चढत-उतरत फिरता येणाऱ्या नैसर्गिक गुहांपुरता आहे. दोरावर उतरायच्या खोल विहिरी आणि पाण्याखालचं केव्हिंग (म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहेत फिरणं) यांचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते वाचून येत नाही. आयुष्यातली पहिली गुहा असेल तर अनुभवी गटाबरोबर किंवा जाणत्या वाटाड्याबरोबरच जा. खालचे टप्पे तेव्हाही उपयोगी पडतील, कारण नेणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे ते त्यातून कळेल.

## टप्पा १: आधी गुहेचं कॅलेंडर बघा, मग सुट्टी टाका

चार गोष्टींची चौकशी करायची: पाणी, वटवाघळं, हवा आणि वाट. याच क्रमाने.

पाणी. गुहा म्हणजे डोंगराची मोरी. बहुतेक चुनखडीच्या गुहा पाण्यानेच कोरलेल्या असतात आणि वर पडलेलं पाणी आजही त्यांच्यातूनच वाट काढतं. म्हणून 'गुहेत पाणी असतं का?' या प्रश्नाच्या उत्तराने काही कळत नाही. नेमके तीन प्रश्न विचारा. पाऊस पडल्यावर पाणी किती वेळात चढतं? गुहेतली कोणती जागा सगळ्यात आधी बंद होते? आणि ते पाणी येतं कुठून? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तोंडाशी लख्ख ऊन असताना काही किलोमीटर वरच्या पाणलोटात ढग कोसळला, तर लोंढा तुमच्यापर्यंत येतोच.

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेचं उदाहरण मी प्रत्येक नवख्याला सांगतो. गुहेच्या तोंडाशी जुलै ते नोव्हेंबर या काळात आत जाऊ नये असा फलक होता. १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले ते २३ जून २०१८ रोजी. फलकाच्या हिशेबाने धोक्याचा काळ सुरूही झाला नव्हता, पण पाऊस आधी आला. ती मुलं सापडली २ जुलैला आणि बाहेर आली ८ ते १० जुलैच्या दरम्यान. या मोहिमेत सामन कुनान या माजी नौदल पाणबुड्याचा जीव गेला. महिन्यांची यादी ही पहिली चाळणी आहे. शेवटचा निर्णय त्या आठवड्याचा पाऊस पाहूनच घ्यायचा.

थंड प्रदेशात गणित थोडं वेगळं असतं. सगळं गोठलेलं असताना गुहेत पाणी कमी असतं. धोका वाढतो बर्फ वितळायला लागल्यावर. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारच्या उन्हानंतर कमरेपर्यंत येऊ शकतो, आणि त्यासाठी आकाशात एकही ढग लागत नाही.

वटवाघळं. थंड प्रदेशात अनेक जातींची वटवाघळं हिवाळाभर गुहेत निद्रिस्त असतात. अंगातल्या चरबीच्या शिदोरीवर त्यांना वसंतापर्यंत तग धरायचा असतो. आपल्या उजेडाने, आवाजाने जाग आली की त्या शिदोरीतला मोठा वाटा खर्च होतो. वारंवार असं झालं तर त्या वटवाघळाला वसंत दिसेलच असं नाही. म्हणूनच कित्येक गुहा हिवाळ्यात कुलूपबंद ठेवतात. हिवाळ्यात पर्यटक नसतात म्हणून तुम्ही तारीख धरता आणि नेमकं तेव्हाच दार बंद असतं. पिल्लांच्या काळातही तेच. दचकलेल्या थव्यातून अंगाला चिकटलेली पिल्लं खाली पडतात. गुहा ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांच्याकडून बंदीच्या तारखा लेखी घ्या, आणि बंदी नसली तरी वटवाघळं असतील त्या दालनात थांबू नका.

हवा. हिवाळ्यात बाहेरची गार, जड हवा गुहेत शिरते आणि आतली हवा बदलत राहते. कडक उन्हाळ्यात, विशेषतः तोंडापासून सतत खाली उतरत जाणाऱ्या गुहेत, गार हवा तळाशी बसून राहते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांच्या आसपास श्वास जोरजोरात चालायला लागतो आणि डोकं दुखतं, ५ टक्क्यांवर धाप लागते, १० टक्क्यांवर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. उन्हाळी ऑफ-सीझनमध्ये उतरत्या गुहेत जायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर बरोबर हवा. आकडा १ टक्क्यावर गेला की सावध व्हायचं, चढताना दिसला की मागे फिरायचं.

> सावधान: मेणबत्ती किंवा लायटर पेटवून हवा तपासायची जुनी पद्धत भरवशाची नाही. ज्योत विझते ती प्राणवायू घटल्यामुळे. कार्बन डायऑक्साइड किती आहे हे ती सांगत नाही, आणि त्रास बऱ्याचदा त्याचाच आधी होतो.

वाट. ऑफ-सीझनमध्ये रस्ता बंद, पूल पाण्याखाली, पायवाट गवताने झाकलेली असं काहीही असू शकतं. हंगामात ४० मिनिटांत सापडणारं गुहेचं तोंड रानाच्या गर्दीत तीन तास सापडत नाही. तोंडाचे अक्षांश-रेखांश घरूनच घेऊन निघा आणि नेटवर्कशिवाय चालणारा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

## टप्पा २: माणसं आणि परवानगी

किमान चार जण. यामागे सरळ हिशेब आहे. एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी बसतो आणि दोघं बाहेर जातात, कारण मदतीला धावणाऱ्यानेही गुहेत एकटं फिरायचं नसतं. तीन जणांत हे जमत नाही. सहा-सातांच्या वर गेलात तर प्रत्येक चिंचोळ्या जागी रांग लागते आणि मागचे गारठतात.

चौघांतले निदान दोघं असे हवेत ज्यांना बाहेरची वाट स्वतःला ठाऊक आहे. एकच जाणता आणि तीन पाहुणे, ही रचना त्या जाणत्याचा पाय मुरगळेपर्यंतच चालते.

परवानगी जागेच्या मालकाची किंवा ताबा असलेल्या खात्याची, लेखी. 'सध्या कुणी विचारत नाही' हे उत्तर ऑफ-सीझनमध्ये हमखास ऐकू येतं. ती परवानगी नव्हे.

## टप्पा ३: सुट्टीच्या आराखड्यात गुहेचा दिवस कुठे ठेवायचा

इथली नेहमीची चूक म्हणजे गुहेचा दिवस शेवटी ठेवणं. शेवटच्या दिवशी परतीची गाडी असते, त्या गाडीपायी माणूस आभाळाकडे काणाडोळा करतो. पहिल्या दिवशीही नको. प्रवासाचा शीण, अपुरी झोप आणि ओळखीची नसलेली वाट एकत्र आली की पावलं चुकतात.

मी चार दिवसांची सुट्टी अशी मांडतो. पहिला दिवस पोहोचायचा आणि उजेडात गुहेच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचा. आत पाऊल टाकायचं नाही. दुसरा दिवस गुहेचा. तिसरा दिवस राखीव, दुसऱ्या दिवशी पाण्याने किंवा हवेने अडवलं तर वापरायचा. चौथा परतीचा. राखीव दिवस हा आराखड्यातला सगळ्यांत मोलाचा दिवस आहे. तो हाताशी असला की गुहेच्या तोंडाशी उभं राहून 'आज नको' म्हणणं जड जात नाही.

निघण्याआधी चार फोन करा. मुक्कामाची जागा त्या तारखांना खरंच उघडी आहे का? शेवटची गाडी कधीची? जवळचा दवाखाना कुठे आणि रात्री सुरू असतो का? त्या भागात गुहेतून सुटका करणारं पथक आहे का, आणि त्याला कोणत्या क्रमांकावरून बोलावतात? ऑफ-सीझनमध्ये या चारांतली एखादी तरी गोष्ट बंद असतेच. ती घरीच कळलेली बरी.

> तपासा: सूर्यास्त किती वाजता? थंडीत दिवस लहान असतो. गुहेत अंधारच असतो हे खरं, पण गाडीपर्यंतची परतीची चाल बाहेरची आहे.

## टप्पा ४: सामान, आणि ते का

कपडे. गुहेच्या आत, तोंडापासून दूर, तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास असतं आणि वर्षभर फारसं हलत नाही. सरासरी १२ अंश असेल तर बाहेर ३५ असो की शून्य, आत साधारण १२च. त्यात हवा जवळजवळ पूर्ण दमट, त्यामुळे भिजलेलं काही वाळत नाही. उन्हाळ्यात लोक टी-शर्टवर जातात आणि तासाभराने कुडकुडतात. हिवाळ्यात उलट होतं. आत हालचालीने घाम येतो, कपडे ओले होतात आणि बाहेरचा गार वारा त्या ओल्या अंगावर बसतो. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड गाडीत किंवा तोंडाशी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

सुती कपडे नकोत. जीन्स तर अजिबात नको. ती भिजली की शरीरातली ऊब शोषत राहते. आत लोकर किंवा सिंथेटिक, वर जाड, न फाटणारा अंगभर सूट. पायात चांगल्या पकडीचे गमबूट किंवा घोट्याला आधार देणारे बूट. नी पॅड हवेतच. रांगण्याच्या पहिल्या वीस मिनिटांत त्यांचं महत्त्व गुडघ्यांना कळतं.

हेल्मेट. गिर्यारोहणाचं घ्या. बांधकामावरचं चालणार नाही. ईएन ३९७ या युरोपीय मानकाच्या औद्योगिक हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ताणाला मुद्दाम सुटतो, म्हणजे कामगार पट्ट्याला लटकून गळफास बसू नये. ईएन १२४९२ या गिर्यारोहणाच्या मानकात पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकावा लागतो. घसरताना हेल्मेट डोक्यावर राहायला हवं असेल तर दुसरं.

उजेड. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे. गटात मिळून तीन असून भागत नाही. मुख्य दिवा हेल्मेटवर, कारण हात मोकळे लागतात. दुसरा तितकाच सक्षम, तो लावून पूर्ण गुहेतून बाहेर येता आलं पाहिजे. तिसरा लहान, खिशात. मोबाइलचा टॉर्च या मोजणीत धरू नका.

खोक्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका. टॉर्चच्या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ 'चालला' म्हणून मोजतात. शेवटच्या तासांत पायाखालचं दिसेल याची हमी त्यात नाही. निघण्याआधी एका रात्री हेडटॉर्च पूर्ण उजेडावर लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने भिंतीवरचा झोत बघा. तो आकडा लिहून ठेवा, तोच तुमचा खरा आकडा. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर दम सोडतात, हे हिवाळी सहलीत धरून चला.

> सावधान: सॅकमध्ये दाबलं जाऊन टॉर्चचं बटण आपोआप चालू होतं. माझा दुसरा दिवा असाच प्रवासात संपला होता आणि ते मला तोंडापाशी कळलं. त्या दिवशी मी आत गेलो नाही. तेव्हापासून सेल उलटे घालून किंवा बटण लॉक करून प्रवास करतो.

थांबायची सोय. प्रत्येकाच्या पिशवीत एक माणूस मावेल अशी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि एक मेणबत्ती. अडकून बसायची वेळ आली तर पाण्यापासून आणि वाऱ्यापासून दूर, सॅकवर किंवा दोराच्या वेटोळ्यावर बसायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, पिशवी वरून ओढायची, तोंडासाठी जागा मोकळी ठेवायची आणि पायांमध्ये मेणबत्ती लावायची. दहा मिनिटांत ऊब धरते. थंडगार दगडावर थेट बसलात तर ही सगळी खटपट वाया. घरी एकदा बसून बघा. पिशवी पेट घेणार नाही एवढं अंतर हाताला सवयीचं व्हायला हवं.

खाणं ठरलेल्या वेळेच्या दुप्पट, न शिजवता खाता येणारं. पाणी, शिट्टी, घड्याळ, प्रथमोपचार, रोजची औषधं. पिशवी सडसडीत, बाहेर लोंबणारे पट्टे नसलेली. चिंचोळ्या जागी माणूस निघतो आणि सॅक अडकते.

## टप्पा ५: परतीची वेळ कुणाला सांगून जायचं

एकाच टप्प्यासाठी हा लेख वाचणार असाल तर हा वाचा. जमिनीखाली मोबाइल चालत नाही. तुम्ही अडकलात हे जगाला कळण्याचा एकच मार्ग म्हणजे बाहेर कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असणं.

१. माणूस निवडा. त्या वेळी जागा असणारा, फोन उचलणारा आणि न घाबरता पण न टाळता पुढचा फोन करणारा. 'येतील थोड्या वेळात' म्हणत बसणारा भला माणूस या कामाचा नाही.

२. दोन वेळा द्या. एक बाहेर येण्याची अपेक्षित वेळ, दुसरी मदत बोलावण्याची. पाच वाजता बाहेर येणार असाल तर, गुहा आणि गट पाहून, मदतीची वेळ आठ द्या. एकच वेळ दिली की समोरचा मनातल्या मनात आपली सवलत जोडतो, आणि ती किती हे तुम्हाला माहीत नसतं.

३. लेखी द्या. गुहेचं नाव, तोंडाचे अक्षांश-रेखांश, कोणत्या तोंडाने आत आणि कोणत्याने बाहेर, कोणत्या शाखेत जाणार, किती जण, कुणाला काही आजार, गाडी कुठे उभी, आणि मदतीचा क्रमांक. बेत बदलला तर तो आत जाण्यापूर्वी कळवा. न कळवता दुसऱ्या गुहेत शिरणं म्हणजे शोधपथकाला चुकीच्या डोंगरावर पाठवणं.

४. पोच घ्या. मेसेज 'पाठवला' म्हणजे पोहोचला असं नाही. एका सहलीत मी दरीत उतरताना मेसेज पाठवला, फोन बंद केला आणि आत गेलो. संध्याकाळी वर येऊन फोन सुरू केला तेव्हा तो मेसेज तिथेच अडकलेला होता. आठ तास आम्ही आत होतो आणि कुणालाही पत्ता नव्हता. आता समोरून 'मिळालं, आठ वाजता फोन करतो' असं उत्तर येईपर्यंत मी नेटवर्कची जागा सोडत नाही.

५. बाहेर आल्यावर आधी कळवा. कपडे बदलण्याआधी, खाण्याआधी. नेटवर्क अर्धा तास लांब असेल तर तो अर्धा तास मदतीच्या वेळेत आधीच धरलेला असला पाहिजे.

ऑफ-सीझनमध्ये हे अधिकच काटेकोर हवं. हंगामात पार्किंगमध्ये रात्री एकच गाडी उरली तर कुणाच्या तरी डोळ्यांत येते. ऑफ-सीझनला ती चार दिवस तशीच उभी राहील.

## टप्पा ६: गुहेच्या तोंडाशी पंधरा मिनिटं

थांबा. लगेच शिरू नका.

आदल्या दिवशी पाहून ठेवलेली पाण्याची पातळी आज किती आहे? पाणी नितळ आहे की गढूळ? वरच्या बाजूला ढग आहेत का, आणि तुम्ही आत असणार त्या सगळ्या तासांचा अंदाज काय सांगतो? आता भिंतीकडे बघा. एका गुहेत डोक्यावर हातभर उंच छताच्या खोबणीत मला एक पान चिकटलेलं दिसलं होतं. हिरवं, अजून ओलं, देठासकट. वारा पान छताला असं लिंपत नाही. पाणी लिंपतं. म्हणजे एक-दोन दिवसांपूर्वी ती वाट छतापर्यंत भरली होती. काड्या, वाळका फेस, मातीची आडवी रेघ ही त्याच भाषेतली अक्षरं आहेत. अशी खूण ताजी असेल तर परत फिरा.

मग प्रत्येकाचे तीनही दिवे लावून बघा. हेल्मेटचे पट्टे एकमेकांचे तपासा. आणि मागे फिरण्याची वेळ मोठ्याने ठरवा. एकूण सहा तास असतील तर तिसऱ्या तासाला फिरायचं हा हिशेब चुकीचा आहे. परतताना अंग थकलेलं असतं आणि उतरत्या गुहेत परतीची वाट चढाची असते. सहापैकी दोन-सव्वादोन तासांनी फिरा, कितीही सुंदर दालन पुढे दिसत असलं तरी.

> तपासा: प्रत्येकाला मागे फिरण्याची वेळ विचारा. चौघांनी एकच वेळ सांगितली तरच आत.

## टप्पा ७: आत चालताना

सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यांत मागे दुसरा जाणता. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. मागचा उजेड दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं.

प्रत्येक फाट्यावर मागे वळा. वाट चुकते ती बहुधा परतताना. दालनात शिरताना एकच भोक होतं, परतताना तिथून तीन भोकं दिसतात, कारण आपण ती जागा त्या बाजूने कधी पाहिलेलीच नसते. म्हणून फाट्यावर थांबा, पूर्ण मागे वळा, दिवा फिरवा आणि एक खूण मोठ्याने बोला: 'परतताना हत्तीच्या सोंडेसारख्या दगडाच्या डाव्या हाताला खालचं भोक.' सगळ्यांनी ती म्हणायची. पुटपुटलेलं लक्षात राहत नाही, बोललेलं राहतं. खडूचे बाण, रंग, दगडावर ओरखडे नकोत. परावर्तक पट्ट्या ठेवल्या तर शेवटच्या माणसाने प्रत्येक पट्टी परत उचलायची, मोजून.

उडी मारू नका. तीन आधार दगडावर, चौथा हात किंवा पाय हलता. तीन फुटांची उडीही नको. ओल्या गाळावर घोटा मुरगळला तर तासाची वाट दिवसाची होते. चढून गेलेली जागा उतरता येईल का, हे चढण्याआधी बघा.

चिंचोळ्या उतारावर पाय आधी. अनोळखी, खाली जाणाऱ्या फटीत डोकं पुढे करून कधीही घुसू नका. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आणखी खाली सरकते आणि मागे सरकायला हातांना जोर मिळत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नटी पुट्टी गुहेत एक तरुण असाच उलटा अडकला. एका दिवसाहून अधिक काळ प्रयत्न करूनही त्याला काढता आलं नाही. ती गुहा नंतर कायमची बंद केली. फट अरुंद वाटली की एकाने आधी पायांनी चाचपावं, दुसऱ्याने मागे हाताच्या अंतरावर थांबावं. श्वास सोडूनच पुढे सरकता येत असेल, तर ती फट तुमच्यासाठी नाही.

लवणस्तंभांना, म्हणजे छतातून लोंबणाऱ्या किंवा जमिनीवरून वाढलेल्या खनिजाच्या खांबांना, हात लावू नका. बोटाचं तेल लागलं की त्या जागी पाण्यातलं खनिज नीट बसत नाही आणि वाढ खुंटते. चालायची मळलेली वाट असेल तर तीच धरा.

दर तासाला दोन मिनिटं थांबून खा, प्या, आणि एकमेकांशी बोला. बोलणं हीच तपासणी आहे. उत्तर अडखळत आलं, अंग थरथरत असलं, सोपी पावलं चुकायला लागली तर गारठा चढतोय. कोरडा थर चढवा, खायला द्या, बाहेर निघा. थरथर थांबली आणि माणूस मात्र सुस्तावला, तर तो बरा झालेला नाही. बिघडत चाललाय.

## टप्पा ८: काही बिघडलं तर

पाण्याचा आवाज बदलला. वाढला किंवा अचानक घुमायला लागला, नितळ पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली: कारण शोधत बसू नका. बाहेरची वाट जवळ, उघडी आणि वरची असेल तर लगेच निघा. मधली सखल जागा भरली असेल तर वरची, जुन्या पुराच्या रेघेहूनही उंच कपार गाठा आणि तिथेच थांबा. छताला टेकलेल्या पाण्यात बुडी मारून पलीकडे जाण्याचा मोह जीव घेतो. बहुतेक पूर काही तासांत किंवा दिवसांत ओसरतात. पाण्यात शिरलेल्या माणसाला तेवढा वेळ मिळत नाही. थाम लुआंगची मुलंही उंच जागा धरून राहिली, म्हणून वाचली.

वाट चुकली. बसा. एकच दिवा चालू ठेवा, बाकीचे बंद. शेवटची ओळखीची खूण कुठली ते ठरवा. तिच्यापर्यंतची वाट सगळ्यांना नक्की माहीत असेल तरच हला. नाहीतर मेणबत्ती, पिशवी आणि वाट बघणं. बाहेर कुणीतरी घड्याळ लावून बसलंय.

कुणी जखमी झालं. आधी त्याच्या खाली काहीतरी घाला. थंड दगड जखमेइतकाच वैरी आहे. मग दोघांनी बाहेर जायचं, हातात लिहिलेली चिठ्ठी घेऊन: कुठे, केव्हा, काय झालं, किती जण, जवळ काय सामान. घाईत निघालेला माणूस नेटवर्कपर्यंत पोहोचेस्तोवर निम्मं विसरतो.

डोकं दुखतंय, धाप लागतेय. एकाला नव्हे, दोघातिघांना एकाच वेळी लागली तर हवा खराब आहे. वरच्या दिशेने, सावकाश, एकत्र बाहेर.

## टप्पा ९: बाहेर आल्यावर

कळवलं? मग कोरडे कपडे, मग खाणं.

गाळ भरलेलं सामान तसंच दुसऱ्या गुहेत नेणं ही ऑफ-सीझन सहलींतली फार मोठी आणि न दिसणारी चूक. 'व्हाइट-नोज सिंड्रोम' हा बुरशीचा रोग उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नोंदला गेला. त्यानंतर तिथे निद्रिस्त वटवाघळं लाखोंनी मेली. वटवाघळांमधून तर तो पसरतोच, पण बुरशीचे बीजाणू कपड्या-बुटांच्या गाळातूनही एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकतात. गुहेपाशीच जाड गाळ खरवडून काढा, सामान वेगळ्या पिशवीत बांधा, घरी स्वच्छ धुवा आणि जे चालेल ते किमान ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात २० मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. दोर आणि हार्नेस (दोराला जोडायचे अंगावरचे पट्टे) मात्र बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच धुवा, उष्णतेने त्यांचा जोर जाऊ शकतो. रोगाचा भाग असेल तर तिथलं सामान दुसऱ्या भागात नेऊच नका.

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: पाण्याची पातळी, प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ, किती सेल संपले, कुठे गारठा लागला. दोन दिवसांनी आठवून लिहिलेल्या वेळा नेहमी कमी भरतात.

पुढचे दोन-तीन आठवडे तब्येतीकडे लक्ष ठेवा. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो आणि त्याची लक्षणं साधारण ३ ते १७ दिवसांनी दिसतात: ताप, खोकला, छातीत दुखणं, थकवा. साध्या फ्लूसारखंच सगळं. डॉक्टरांकडे गेलात तर 'मी अमुक तारखेला गुहेत गेलो होतो, तिथे वटवाघळं होती' हे स्वतःहून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. वटवाघूळ चावलं किंवा त्याचा ओरखडा आला असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा, मग सुट्टीचे दोन दिवस उरलेले असोत की चार.